आईचे गुपित आणि ते ठाऊक असलेली माणसे

तुमच्या कादंबरीची दोनशे चाळीस पाने मी दोनदा वाचली. एकदा वाचक म्हणून सलग, आणि दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांनाही हे उत्तर कळावे म्हणून आधी कथानक थोडक्यात सांगते. फोंडा तालुक्यातील एका गावात राहणारी सुनंदा २०१८ साली सत्तराव्या वर्षी वारते. वर्षभराने, चवथीच्या म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधी, डोंबिवलीला दिलेली तिची मुलगी वैशाली घराच्या वाटणीसाठी माहेरी येते, गावातच राहिलेल्या थोरल्या भावाशी, दिगंबरशी, तिचे आधीच आटलेले बोलणे पुरते बंद पडते, आणि त्याच दिवसांत माळ्यावरील पेटीत तिला एक पत्र सापडते. लग्नाआधी आईच्या आयुष्यात दुसरा कोणी होता, आणि गोवामुक्तीसाठी झालेल्या १९५५ च्या सत्याग्रहात तिने आग्वादचा तुरुंगही पाहिला होता, असे त्या पत्रातून उघड होते. गुपित कोठे फोडावे, भावाबहिणीतील वितुष्ट नाटकी न होता कसे दाखवावे, पहिल्याच प्रकरणात वारलेली आई पुढे जिवंत कशी ठेवावी, आणि घरात कोकणी बोलणारी माणसे मराठी कादंबरीत कोणत्या भाषेत बोलावीत, असे तुम्ही विचारले आहे. गेली तीस वर्षे गोव्यातील नव्या लेखकांची हस्तलिखिते वाचण्याचे काम मी करते आहे, त्या अनुभवावरून उत्तर देते. मात्र तुमच्या क्रमाने देत नाही.

पहिली गोष्ट बेरीज-वजाबाकीची. २०१८ साली सत्तर वर्षांची असलेली बाई १९४८ साली जन्मली, म्हणजे १९५५ च्या सत्याग्रहाच्या वेळी ती सात वर्षांची होती. हे वाचून तुम्ही कपाळावर हात माराल, पण ही चूक मी इतक्या हस्तलिखितांत पाहिली आहे की आता मला तिचे नवल वाटत नाही. मुक्तिलढा हा आपल्या मनात कायमचा 'आईच्या वेळचा' झाला आहे. प्रत्यक्षात आज चाळिशीत असलेल्या लेखकांच्या बाबतीत तो आजीच्या वेळचा आहे. दुसरे असे की तुरुंगवास हे गुपित होऊच शकत नाही. ६ एप्रिल १९५५ रोजी म्हापशात भरलेल्या गोवा राष्ट्रीय काँग्रेसच्या अधिवेशनाच्या अध्यक्षा सुधाताई जोशी यांना पोर्तुगीजांनी अटक केली, ही गोष्ट आपण आजही अभिमानाने सांगतो. १९ डिसेंबर १९६१ नंतर, म्हणजे गोवा मुक्त झाल्यावर, ज्या घरातून कोणी तुरुंगात गेले होते त्या घराने ते दारावर लिहायचे तेवढे बाकी ठेवले. जी गोष्ट सांगितल्याने मान वाढतो ती बाई पन्नास वर्षे पेटीत कशाला ठेवील? तेव्हा सत्याग्रहाची ती बारा पाने काढून टाका. त्यांतील आग्वादच्या भिंतीचे वर्णन चांगले आहे, पण ते दुसऱ्या कादंबरीचे आहे.

आता त्याच जन्मसालावरून पुढे जाऊन पाहा. मुक्तीच्या वेळी सुनंदा तेरा वर्षांची होती. पोर्तुगीज अमलात जन्मनोंद झालेली, मराठी शाळेत शिकलेली, आणि गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या कारकिर्दीत खेड्याखेड्यांतून प्राथमिक शाळा निघू लागल्या तेव्हा मॅट्रिक होऊन नोकरी करण्याच्या वयाला आलेली, अशी ती मुलगी आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याच्या महाराष्ट्रातील विलीनीकरणाच्या प्रश्नावर जनमत कौल झाला तेव्हा ती अठरा वर्षांची होती. मतदानाचे वय तेव्हा एकवीस होते, त्यामुळे घरातले फूल (विलीनीकरणाची खूण) की दोन पाने (वेगळे राहण्याची) यावरून भांडत असताना तिला स्वतःला मत नव्हते. १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० असा तो निकाल लागला, चौतीस हजार मतांचा फरक पडला, आणि कितीतरी घरांत सख्ख्या भावांचे बोलणे त्या महिन्यात थांबले ते पुढे वर्षानुवर्षे थांबलेलेच राहिले. तुम्हाला कुटुंबातील ताणाची मुळे शोधायची असतील तर ती येथे, तुमच्या नायिकेच्या आजोळी, हाताशी आहेत. मात्र या कौलावर प्रकरण लिहू नका. इतिहासाचे प्रकरण लिहिण्याचा मोह होईल आणि माणसे फलक धरून उभी राहतील. सुनंदाच्या वडिलांनी कुंपणाच्या भिंतीवर काढलेले फूल, आणि रात्री कोणीतरी त्यावर फासलेले शेण धुणारी ती मुलगी, एवढे पुरे आहे.

१९६७ ते १९७२ हा सुनंदाच्या लग्नापूर्वीचा काळ तुमच्याकडे कोरा आहे. ती मास्तरीण म्हणून सांगे तालुक्यात एका आडगावात राहिली, असे तुम्ही एका ओळीत म्हणता आणि पुढे जाता. गुपित तेथेच आहे, आणि ते कोणत्या स्वरूपाचे असावे हे ठरवताना गोव्यातच घडू शकेल अशा गोष्टीकडे पाहावे, असा माझा आग्रह आहे. सापडलेले प्रेमपत्र कोणत्याही प्रदेशातल्या कादंबरीत चालते. आपल्याकडे मात्र १८७० पासून पोर्तुगीज नागरी संहिता लागू आहे, मुक्तीनंतरही ती कायम राहिली, आणि पुढे जी नागरी नोंदणीची पद्धत आली तिच्यात लग्नासाठी जोडप्याला दोनदा सही करावी लागते. पहिल्या सहीने लग्न करण्याचा इरादा जाहीर होतो. मग हरकती मागवणारी नोटीस लागते. मुदत संपल्यावर दोघांनी पुन्हा कचेरीत येऊन दुसरी सही करायची, आणि तेव्हा कायद्याने लग्न पुरे होते. पहिल्या सहीलाच लग्न मानून संसाराला लागलेल्या, आणि दुसऱ्या सहीच्या वेळी पुरुष फिरकलाच नाही म्हणून कायद्याच्या दृष्टीने कोणाच्याच पत्नी नसलेल्या बायकांच्या कहाण्या गोव्यात वकिलांना आणि स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थांना चांगल्या ठाऊक आहेत.

तुमच्या सुनंदाची ही एकच सही आहे असे समजा. १९६९ साली, सांग्याच्या कचेरीत, एका मुलाबरोबर तिने पहिली सही केली. तो पणजीच्या धक्क्यावरून मुंबईच्या आगबोटीत बसला आणि दुसऱ्या सहीला आला नाही. तो फसवणारा होता, घाबरला होता, की मुंबईत त्याचे काही झाले, हे वैशालीला शेवटपर्यंत कळू नये. त्याला खलनायक केलात की कादंबरी त्याची होते. कायदा म्हणतो, हिचे लग्न झालेच नाही. गाव म्हणते, हिने एकदा सही केलेली आहे. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत बाईने तीन वर्षे काढली आणि मग तुमच्या नायिकेच्या वडिलांशी तिचे लग्न झाले. येथे कोठे मूल जन्माला घालू नका. दडवलेले मूल आले की वाचक त्याच्या प्रवेशाची वाट पाहत बसतो, आणि शेवटच्या प्रकरणात कोणीतरी अनोळखी माणूस अंगणात येऊन उभा राहतो. तशा अंगणांत मी पुष्कळ वेळा उभी राहिले आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न, गुपित कोठे फोडावे. सध्या ते २१२ व्या पानावर फुटते आणि उरलेल्या अठ्ठावीस पानांत सगळे एकमेकांना क्षमा करतात. 'कोठे' या प्रश्नाआधी तुम्ही दुसरा प्रश्न विचारायला हवा होता, की हे गुपित नेमके कोणापासून आहे? तुमच्या संहितेत ते सगळ्यांपासून आहे: नवऱ्याला माहीत नाही, मुलाला माहीत नाही, शेजारी राहणाऱ्या मावशीला माहीत नाही. हे आपल्या गावात घडत नाही. लग्नाच्या इराद्याची नोटीस कचेरीच्या दारावर लागते ती लोकांनी वाचावी म्हणूनच. सांग्याची बातमी फोंड्यात यायला १९६९ साली चार दिवस लागले असतील, आज चार मिनिटे लागतील, एवढाच फरक. ज्या वाड्यावर कोणाच्या घरी नारळाचा पाडेली किती वाजता आला हे सगळ्यांना ठाऊक असते, तेथे मास्तरणीची अर्धी राहिलेली नोंदणी माहीत नसणे अशक्य आहे. गावाला ठाऊक होते, मावशीला ठाऊक होते, नवऱ्याला तर ठाऊक होतेच. ठाऊक नव्हते ते एका वैशालीला, कारण ती धाकटी होती, मुलगी होती, आणि पुढे डोंबिवलीला गेली.

हे एकदा मान्य केले की तुमच्या कादंबरीचा पट आपोआप बदलतो. आईने काय लपवले हा प्रश्न मागे पडतो, आणि ज्यांना ठाऊक होते त्यांनी ते वाहून नेताना काय केले हा प्रश्न पुढे येतो. एक मोठा कागद घ्या आणि घरातील प्रत्येक माणसाच्या नावापुढे लिहा: त्याला हे कधी कळले, कोणाकडून कळले, आणि कळल्यावर तो कोणाशी बोलायचा थांबला. तिसरा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण कुटुंबातले ताण माहितीतून येत नाहीत, माहिती कळल्यावर बदललेल्या वागणुकीतून येतात, आणि ज्याला माहिती नसते त्याला फक्त वागणूक दिसते.

वडिलांचे पाहा. तुम्ही त्यांना भोळे केले आहे. त्याऐवजी त्यांना सगळे माहीत आहे असे धरून त्यांचे लग्न पुन्हा लिहा: १९७२ साली मंडप घालण्याआधी दोन्ही सह्या उरकून घेण्याचा आग्रह त्यांनी धरला, घरचे म्हणाले एवढी घाई कशाला, आणि ते 'पावसाआधी उरकलेले बरे' एवढेच बोलले. जन्मभर बायकोशी मोजकेच बोलणारा, पोराबाळांना रुक्ष वाटणारा हा माणूस त्या एका आग्रहात जेवढा दिसतो तेवढा तुमच्या अकराव्या प्रकरणातील लांबलचक प्रेमळ स्वगतात दिसत नाही. ते स्वगत काढा. त्यांनी सुनंदापाशी तो विषय एकदाही काढला नाही हे तिला समजले होते, आणि तिला समजले आहे हे त्यांना समजले होते.

पण तुमच्या हातचा खरा मासा दिगंबर आहे, आणि तुम्ही तो पुन्हा पाण्यात सोडला आहे. साठाव्या पानावर असा प्रसंग येतो: २००३ साली वैशालीचे लग्न ठरले, पहिली सही झाली, नवरा मुलगा कामासाठी मुंबईला परत जाऊन आठवडा उशिरा येतो म्हणाला, आणि दिगंबरने कचेरीच्या व्हरांड्यात सगळ्यांदेखत त्याची गचांडी धरली. वैशालीने ते त्याला कधी क्षमा केले नाही. गावात राहून भाऊ रानटी झाला, असा तिने त्याचा अर्थ लावला आणि तुम्हीही तोच लावून पुढे गेलात. तुम्ही हा प्रसंग का लिहिला होता, हे मला विचारावेसे वाटते. माझा अंदाज असा की भावाचा तापटपणा दाखवण्यापुरताच तो आला. पण दिगंबरला आईची गोष्ट ठाऊक होती असे धरून तो परत वाचा. बारा वर्षांचा असताना, जत्रेतल्या काल्याच्या रात्री, एका पोराने त्याला 'अर्ध्या लग्नाचो' म्हणून हाक मारली; तो मारामारी करून ओठ फोडून घरी आला; आईने जखम धुतली आणि कोणी मारले, का मारले, काहीच विचारले नाही. न विचारण्यावरूनच त्याला समजले की पोर खरे बोलले. त्यानंतर तो सतरा वर्षे गप्प आहे, आणि बहिणीचा नवरा दुसरी सही पुढे ढकलतो तेव्हा त्याच्या हाताला जे आठवते ते वैशालीला दिसत नाही. त्याच्या तापटपणाखाली भीती आहे. तुमच्या संहितेतील खरे गुपित आईचे नाही, या भावाचे आहे, आणि ते २१२ व्या पानापर्यंत थांबवण्याची गरज नाही. आईची गोष्ट पहिल्या तिसऱ्या हिश्शातच, सत्तर-ऐंशी पानांच्या आत, सांगून टाका. दिगंबरला ती ठाऊक होती, हे मात्र वैशालीला उशिरा कळू द्या, आणि तिच्याही आधी ते वाचकाच्या लक्षात येऊ द्या.

उघड होण्याचा क्षण कसा लिहावा, त्याबद्दल थोडे. तुमचे सध्याचे वाक्य असे आहे: 'पत्र वाचताच वैशालीच्या पायांखालची जमीन सरकली, तिच्या हातातून कागद गळून पडला आणि तिच्या तोंडून एवढेच निघाले, आई, हे तू आयुष्यभर कसे सोसलेस?' कागद हातातून गळून पडल्याचे मी प्रत्यक्षात कधी पाहिलेले नाही; वाईट बातमीचा कागद माणूस घट्ट धरतो. शिवाय 'कसे सोसलेस' हे लेखिकेचे मत आहे, मुलीची पहिली भावना नव्हे. पहिली भावना बहुधा राग असते, मला का सांगितले नाही हा. मी तो प्रसंग असा मांडून पाहिला: 'मावशी वसरीवर बसून चिंचेतले चिंचोके वेगळे करीत होती. वैशालीने सांग्याचे नाव काढले, कचेरीचे नाव काढले, आणि मग बराच वेळ काही बोलली नाही. मावशीने एक चिंचोका थाळीत टाकला. "ती सही? ती तर दारावर लावली होती," ती म्हणाली, आणि पुढची चिंच उचलली.' हे उत्तम आहे असे माझे म्हणणे नाही. तुम्ही याहून चांगले लिहाल. एवढेच पाहा, की धक्का बातमीतून येत नाही, ती मावशीला इतकी जुनी वाटते यातून येतो.

भावाबहिणीचे वितुष्ट नाटकी वाटते ते दोघे सतत भूतकाळाबद्दल बोलतात म्हणून. भांडणारी भावंडे भूतकाळाबद्दल बोलत नाहीत. ती फाटक कोणी उघडे टाकले, पंपाचे बिल कोणी भरले, याबद्दल बोलतात. आणि तुमच्याकडे तर वाटणीचा प्रसंगच आहे, जो गोव्यात इतका विलक्षण असतो की बाहेरच्या वाचकाला तो कल्पित वाटेल. तुम्ही मात्र तो एका मृत्युपत्रावर संपवला आहे: आई सगळे घर मुलाच्या नावे करून जाते, मुलीला काही नाही. हे आपल्या कायद्यात बसत नाही. नवराबायकोची मालमत्ता सामाईक असल्याने आईच्या हातात मुळात निम्मेच होते, आणि त्या निम्म्यातलाही अर्धा भाग मुलांसाठी राखीव असतो, मुलगा-मुलगी हा भेद न करता. मृत्युपत्राने तो हिरावता येत नाही. तेव्हा वैशालीचे रडणे, 'आईने मला परकी केले', हे कोणत्याही गोमंतकीय वाचकाला पटणार नाही. तिचा शेजारीसुद्धा म्हणेल, बाई, वकिलाकडे जा.

त्याऐवजी जे खरोखर घडते ते वापरा. मतैक्य नसेल तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी होते. कुटुंबप्रमुख म्हणून नेमलेला माणूस शपथेवर वारसांची आणि मालमत्तेची यादी देतो. आणि मालमत्तेचे वाटप जमले नाही तर वारसांमध्ये आपसातच बोली लागते, तिला आपण लिसिटेशन म्हणतो. ज्याची बोली वर जाईल त्याला घर, आणि त्याने इतरांना त्यांच्या हिश्शाचे पैसे चुकते करायचे. २०१२ च्या वारसा कायद्यानेही ही चौकट टिकवली आहे. कल्पना करा: ज्या घरात दोघे एका घोंगडीत झोपले, त्या घरावर ती भावाच्या विरुद्ध आकडा बोलते आहे, आणि भाऊ तिच्या तोंडाकडे न पाहता त्याहून मोठा आकडा बोलतो आहे. सामाईक मालमत्तेमुळे सुनेची आणि जावयाचीही सही लागते, म्हणजे ज्या जावयाची गचांडी धरली होती तो आता कागदावर दिगंबरच्या शेजारी बसणार आहे. हे सगळे तुम्हाला फुकट मिळते आहे. शपथेच्या यादीत 'दुसरे कोणी वारस नाहीत' असे लिहिण्याचा क्षण येतो, तेथे दिगंबरचा पेन थांबतो का, हे वैशालीला पाहू द्या. आईच्या आयुष्यात दुसरे कोणी होते एवढेच तिला तोवर कळलेले आहे, आणि भावाला आणखी काय ठाऊक आहे हे ती त्याच्या बोटांवरून वाचू पाहते आहे. एखाद्या दिवाणी वकिलाबरोबर दोन तास बसा आणि कचेरीतली बाके, टेबले, टाचण्या पाहून या. संवाद तुम्ही लिहालच.

घरातील दुसरा प्रसंग चवथीचा. तुमच्या चवथीच्या प्रकरणात पातोळ्या, खतखते, हळदीच्या पानांचा वास, फुगडी, सगळे आहे आणि ते पर्यटन खात्याच्या पुस्तिकेसारखे झाले आहे. मला त्यातून फक्त माटोळी हवी, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली फळाफुलांची चौकट. माटोळी बांधताना एकाने वर शिडीवर उभे राहायचे आणि दुसऱ्याने खालून एकेक फळ, एकेक रानातला घोस त्याच्या हातात द्यायचा असतो. ते बोलल्याशिवाय होत नाही. न बोलणारी दोन भावंडे माटोळी कशी बांधतात, कोणते शब्द टाळतात, आई जी फळे ज्या क्रमाने द्यायची तो क्रम वैशालीला आठवतो की दिगंबरला, एवढ्यावर दहा पाने लिहा. बाकीचा स्वयंपाक सुनेला करू द्या.

वारलेल्या आईला जिवंत ठेवण्याचा प्रश्न तुम्ही पूर्वदृश्यांनी सोडवायचा प्रयत्न केला आहे. अशी चौदा आहेत, त्यांतली चार पुरेत. आई तिच्या सवयींतून जिवंत राहते. तुम्ही तिला रोजनिशी लिहायला लावली आहे, आणि तिची रोजनिशी तुमच्याइतकीच चांगली लिहिलेली आहे, हाच तिचा दोष. त्या पिढीतील मास्तरीण हिशेबाची वही लिहील. त्या वहीत दर महिन्याला दूध, रॉकेल, भुसारी, मुलांच्या वह्या यांच्या ओळीत 'सांगे, ५ रु.' अशी एक नोंद बारा वर्षे येत राहू द्या. ती कोणाला पाठवलेली मनीऑर्डर होती? नोकरीच्या गावी जिच्याकडे ती राहिली आणि जिने तिला त्या तीन वर्षांत हाकलून दिले नाही, त्या म्हातारीला, असे तुम्ही ठरवू शकता. पण वहीत तसे लिहिलेले नसावे. दिगंबर जत्रेतून ओठ फोडून आला त्या महिन्यानंतर ही नोंद बंद होते, एवढे वाचकाला दिसले तर पुष्कळ झाले.

आणि तिचे नाव. लग्नात नाव बदलण्याच्या आपल्या चालीमुळे वैशालीला आईचे माहेरचे नाव ठाऊक आहे ते केवळ फॉर्मवर भरण्यापुरते. त्या नावाने तिला हाक मारलेली तिने कधी ऐकली नाही. समजा ते शांता होते. वैशाली जन्मनोंद काढायला जाते, जुन्या रोमी लिपीतल्या सूचीत एस या अक्षराखाली शोधते, आणि आई सापडत नाही. पोर्तुगीज वळणात 'श' हा एक्स या अक्षराने लिहीत. कारकून कंटाळून वही पुढे सरकवतो, बोट शेवटच्या पानांकडे नेतो, आणि तेथे एक्सखाली शांता असते. माझ्या स्वतःच्या सासूबाईंची नोंद शोधताना एका कचेरीत माझी अख्खी सकाळ अशीच गेली होती, म्हणून हे मला ठाऊक. तुम्हाला वापरायचे तर खुशाल वापरा.

भाषेबद्दल तुम्ही जितकी काळजी करता तितकी करू नका, पण एका जागी पुरेशी केलेली नाही. घरात कोकणी, पत्रात मराठी, सरकारी दप्तरात पोर्तुगीज आणि नंतर इंग्रजी, हे आपल्या हिंदू घरांचे वास्तव आहे आणि १९८७ च्या राजभाषा कायद्यावरचे वाद तुमच्या पात्रांना ते सोडवून देत नाहीत. निवेदन मराठीतच राहू द्या. संवाद मराठीत लिहा, पण पुण्याच्या मराठीत नको. दिगंबर 'तू हा विषय आत्ताच का उकरून काढते आहेस' असे म्हणणार नाही. तीन-चार तापलेल्या जागी सरळ कोकणी वापरा, 'तें आतां कित्याक काडटा?' एवढे कोणालाही कळते आणि त्याला तळटीप लागत नाही. जी जागा तुम्ही सोडली ती अशी: डोंबिवलीत राहून वैशालीची कोकणी अडखळू लागली आहे, आणि आई गेल्यापासून भाऊ तिच्याशी मराठीत बोलतो. मराठी आपण बाहेरून आलेल्या पाहुण्याशी बोलतो. त्याने मुद्दाम तसे केले असेल वा नसेल, ती ते ऐकते. पुढे कधी तरी, कचेरीतून परतताना मोटारीत, तो नकळत कोकणीत काही विचारतो, काच वर कर असे काही क्षुल्लक, आणि ती उत्तर देते; समेटाचा तुमचा सहा पानांचा प्रसंग या दोन ओळींनी बदला.

दोन सावधगिऱ्या सांगते. मला लिहिलेल्या पत्रात तुम्ही एक पर्यायी कल्पना मांडली आहे, की आई मुळात कलावंतांच्या, म्हणजे देवळांच्या सेवेत गाणे-नाचणे करणाऱ्या समाजाच्या, घरातली निघावी. तसे करू नका. त्या समाजाने आपला इतिहास स्वतः बोलून दाखवला, संघटना उभारल्या, शिक्षणात आणि संगीतात मोठी माणसे घडवली, गोव्याला पहिला मुख्यमंत्री दिला. त्या जन्माला आज दुसऱ्या कोणाच्या नायिकेसाठी धक्कादायक रहस्य म्हणून वापरणे म्हणजे जी लाज त्यांनी झुगारली ती आपण पुन्हा त्यांच्या अंगावर टाकणे होय. त्या घरातली आई लिहायची असेल तर ती पहिल्या पानापासून तशीच लिहावी, लपवलेली नव्हे. दुसरी सावधगिरी कुर्डीची. साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेले आणि दर उन्हाळ्यात वर येणारे ते गाव माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक तिसऱ्या हस्तलिखितात आईच्या भूतकाळाचे प्रतीक होऊन येते. तुमची सुनंदा सांगे तालुक्यात मास्तरीण होती, त्यामुळे तुम्हाला तेथे जाण्याचा हक्क इतरांपेक्षा अधिक आहे, हे मान्य. पण जायचेच असेल तर प्रतीक म्हणून जाऊ नका. तिची शाळा तेथे होती, आणि वैशाली मे महिन्यात चपला हातात घेऊन, भेगाळलेल्या चिखलातून, शाळेचा चौथरा कोणता हे एका म्हाताऱ्याला विचारते. म्हातारा चौथरा दाखवतो, आणि मास्तरीण आठवते का या प्रश्नाला, बाईंनी आपल्याला पाढे शिकवले आणि सतराच्या पाढ्याला छडी मारली, एवढेच सांगतो.

शीर्षकाविषयी आताच विचार करू नका. आधी दिगंबरचे जत्रेच्या रात्रीचे प्रकरण लिहा, त्याच्या नजरेतून, आणि त्यात 'सही' हा शब्द एकदाही येऊ देऊ नका. ते झाले की साठाव्या पानावरील कचेरीचा प्रसंग जसा आहे तसाच, एकही शब्द न बदलता, त्याच्या नंतर ठेवून वाचून पाहा. तो बहुधा बदलावा लागणार नाही.